चाकावरची काळी पट्टी

तडा आधी बोटाला कळला, मग डोळ्यांना. रविवारची सकाळ होती, अंगात आठवडाभराची मरगळ होती, आणि गाडीत राहिलेली कापडी पिशवी काढायला म्हणून तो किल्ली घेऊन पायऱ्या उतरून आला होता. पिशवी मागच्या सीटखाली गेलेली. वाकताना तोल सावरायला त्याने मागच्या चाकावर हात टेकला आणि चाकाभोवतीची काळी प्लॅस्टिकची पट्टी त्याला चावली. बोटावर रक्ताचा बारीक थेंब आला. त्याने बोट तोंडात घातलं आणि गुडघे दुमडून खाली बसून पाहिलं. पट्टी मधोमध चिरली होती. वरच्या काठापासून निघालेला तडा वाकडातिकडा खाली उतरून शेवटी दोन फांद्यांत फुटला होता आणि खालचा तुकडा जरासा बाहेर आला होता. काल संध्याकाळी आप्पा त्याच्या मुलीला, टिटवीला, याच गाडीने पोहायला घेऊन गेले होते. रात्री जेवायला सगळे एकत्र बसले, पोहण्याबद्दल बोलणं झालं, तलावाचं पाणी फार थंड असतं हे टिटवीने पुन्हा एकदा सांगितलं, आणि तड्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यालाही आता कुणाला हाक मारावीशी वाटली नाही. सुट्टीच्या दिवशी आणखी एक काम वाढलं, एवढंच त्याच्या मनात आलं. मग त्या गोष्टीची त्याला लाज वाटली, पण तीही बेताचीच. लाज वाटून घ्यायलाही अंगात जोर लागतो.

आप्पा म्हणजे त्याचे वडील. त्यांचा सगळा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला. बसवर ओरखडा उठला की तो ड्रायव्हरच्या गालावर उठला असं समजायचं, हे त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं आणि सगळ्यांना त्याचा कंटाळाही आला होता. निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या बाई भाषणात म्हणाल्या होत्या की, या माणसाने आमची पोरं आयांच्या मांडीवरून उचलली आणि आयांच्या मांडीवर परत नेऊन ठेवली. आप्पा मान खाली घालून ऐकत होते आणि मागच्या रांगेत बसलेल्या त्याला फक्त त्यांची मान दिसत होती, लालबुंद झालेली. ते आप्पा गेल्या वर्षापासून गाडी कुठे ना कुठे घासून आणत होते. आधी आरसा गेला. मग मागच्या दिव्याचं कव्हर. मग दाराखालचा काठ. दर वेळी तो ती वस्तू मुकाट्याने सोडवून घ्यायचा, मुकाट्याने जोडायचा, आणि आप्पा तेवढा वेळ वर्तमानपत्रात तोंड घालून बसायचे. बायकोने एकदा विचारलं होतं, आरसा नवा दिसतोय का रे. पुसला, असं तो म्हणाला होता. ती त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि पुन्हा भाजी चिरायला लागली. तिला कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण इतक्या वर्षांत तीही या घरची झाली होती.

या घरची म्हणजे, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणाऱ्यांतली. तो वाढला त्या घरात मागच्या खोलीच्या खिडकीखाली एक फळी होती. जे मोडेल ते तिच्यावर नेऊन ठेवायचं. कपाचा कान, छत्रीची काडी, चष्म्याची दांडी. कुणी मोडलं हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. काही दिवसांनी ती वस्तू धडधाकट होऊन आपल्या जागेवर आलेली असायची आणि मग तिच्याकडे टक लावून बघायचंही नाही. लहानपणी एकदा त्याने आप्पांचा रेडिओ पाडला होता. रेडिओचा पुढचा पांढरा भाग आरपार तडकला. आई बाहेर गेली होती, आप्पा बसवर होते. त्याने रेडिओ उचलून फळीवर ठेवला आणि अंथरुणात शिरून ताप आल्याचं सोंग घेतलं. भीतीने खरंच अंग तापलं. संध्याकाळी आप्पांची पावलं मागच्या खोलीत गेली, थांबली, परत आली. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि ते म्हणाले, ताप नाही, ऊठ, जेवून घे. बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात रेडिओ कपाटावर गात होता. घरात कुणी नसताना त्याने स्टुलावर चढून तो फिरवून पाहिला. पुढून काहीच दिसत नव्हतं. मागे मात्र तड्याच्या बाजूने तारेचे बारीक टाके प्लॅस्टिकमध्ये वितळवून बसवलेले होते, एकामागून एक, आईने साडीला घालावेत तसे. आप्पांनी त्याला कधी जवळ घेतलं नाही, कधी शाबासकी दिली नाही. पण त्या स्टुलावर उभं असताना या माणसाचा आपल्यावर जीव आहे हे त्याला इतकं लख्ख कळलं की ते पुन्हा कधी विचारायची गरज पडली नाही. न बोलणं म्हणजे माया, हा हिशेब तेव्हाच पक्का झाला. पुढे आईच्या दुखण्याच्या वेळी तोच हिशेब अंगाशी आला. आई म्हणायची काही नाही, आप्पा म्हणायचे काही नाही, आणि तोही कॉलेजातून येऊन काही नाहीच म्हणत राहिला. दुखणं फळीवर ठेवल्यासारखं सगळे वाट बघत बसले. ते दुरुस्त झालं नाही.

हत्यारांची पेटी आणून त्याने पट्टी सोडवायला घेतली. चाकाच्या आतल्या अंगाला चिखलात बुजलेले स्क्रू असतात, ते आधी काढावे लागतात, आणि मग पट्टी एका टोकापासून हलक्या हाताने ओढत न्यायची, म्हणजे मागच्या क्लिपा टक्टक् करत सुटतात. एक क्लिप नेहमी तुटते. तुटली. पट्टी मागच्या बाल्कनीत नेऊन त्याने साबणाच्या पाण्याने घासली, फडक्याने कोरडी केली आणि उन्हात धरली. उन्हात धरून बघायची सवय त्याला कामावर लागली होती. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात, खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलापाशी तो दिवसभर बसायचा आणि समोरून सरकणाऱ्या झाकणांत केसाएवढा तडा गेलेलं झाकण वेचून बाजूला टाकायचा. बाजूला टाकलेल्या झाकणांचं पुढे काय होतं याची त्याला कधी चौकशी करावीशी वाटली नव्हती. कामावर तडे शोधायचे आणि घरी ते बुजवायचे, असा आपला संसार, असं त्याने एकदा बायकोला गमतीने सांगितलं होतं. ती हसली नव्हती.

बारीक ड्रिल घेऊन त्याने तड्याच्या दोन्ही फांद्यांच्या टोकांना एकेक भोक पाडलं. टोकाला भोक पडलं की तडा पुढे पळत नाही. हेही आप्पांनीच शिकवलेलं, तेही न बोलता, त्याला शेजारी बसवून घेऊन. मग सांध्याला बळ यावं म्हणून मागून तारेची जाळी बसवायला त्याने पट्टी उलटी केली आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. पट्टीच्या मागच्या अंगाला आधीच एक सांधा होता. कालच्या तड्यापासून वीतभर लांब, दुसराच जुना तडा, आणि तो कुणीतरी जोडलेला. जोडलेला म्हणजे कसाबसा थोपवलेला. प्लॅस्टिकचे गोळे इकडेतिकडे साचलेले, एके ठिकाणी गरम टोक जास्त टेकल्याने भोकच पडलेलं आणि त्यात काळं काहीतरी लिंपलेलं. टाके सरळ नव्हते. सुरुवात तड्यावर होती आणि शेवट तड्याच्या बाहेरच, जिथे काहीच फुटलेलं नव्हतं तिथे. मध्ये वितळवून बसवलेली जाळी गोल कापलेली होती, कडेला पितळी रंगाची बारीक मुरड असलेली. ती जाळी त्याला ओळखीची वाटली. कुठली, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. ती चहाची गाळणी होती. काही महिन्यांपूर्वी घरातली गाळणी एकाएकी नाहीशी झाली होती. बायकोने सगळं स्वयंपाकघर पालथं घातलं, टिटवीवर संशय घेतला, त्याच्यावर घेतला. मुंग्यांनी नेली असेल, असं आप्पा तेव्हा म्हणाले होते आणि सगळे हसले होते.

हसला तर तोही होता. आता बाल्कनीत त्याने पट्टी मांडीवर घेतली आणि त्या गोल जाळीवरून बोट फिरवलं. म्हणजे त्याला माहीत होते तेवढेच प्रसंग नव्हते. मधे एक होता, आप्पांनी एकट्याने निस्तरलेला, घरी कुणी नसताना, याच बाल्कनीत, पेटीतल्या याच सोल्डरिंग गनने. रेडिओ शिवणाऱ्या त्या हातांना आता तडा सापडत नव्हता. ते बघवत नव्हतं. बसचं मोठं चक्र दोन बोटांवर फिरवणारे ते हात त्याला आठवले. शाळेला सुट्टी असली की आप्पा कधीकधी त्याला रिकाम्या बसमधून फिरवायचे, आणि वळणावर त्याला वाटायचं, बस आप्पांच्या हातात नाहीच, त्यांच्या मनात आहे, ते नुसतं मनात आणतात आणि ती वळते. पण त्या आठवणीपाशी त्याला फार वेळ थांबता येईना, कारण तिच्याआड दुसरं एक साधं गणित उभं होतं. ही पट्टी डावीकडच्या मागच्या चाकावरची. तिच्या वर मागचं डावं दार. त्या दारापाशी टिटवी बसते. नेहमी तिथेच, खिडकीसाठी. दोन्ही तडे तिच्या पायांपासून हातभर अंतरावर पडले होते. हे त्याला पहिल्या क्षणी सुचायला हवं होतं. बोटातून रक्त आलं तेव्हा त्याला सुट्टी आठवली होती, मुलगी नाही.

आप्पांना सांगायला हवं, हे त्याला वर्षभरापासून कळत होतं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर तो रोज उद्यावर टाकत आला होता. आप्पांकडे आता उरलं होतंच काय? सकाळचं वर्तमानपत्र, औषधाच्या गोळ्या आणि शनिवारी नातीला पोहायला नेणं. शनिवारी दुपारपासून ते स्वच्छ शर्ट घालून तयार असायचे. ती किल्ली मागायची म्हणजे त्यांचा शनिवारच मागायचा. त्यापेक्षा पट्टी जोडणं सोपं होतं. त्याने गन गरम केली, जाळीचा तुकडा तड्यावर धरला आणि तो प्लॅस्टिकमध्ये दाबू लागला. जळका वास सुटला. स्वयंपाकघराची खिडकी आतून बंद झाल्याचा आवाज आला. बायकोला वासावरून सगळं कळलं असणार आणि तिने आपल्या परीने खिडकी लावून घेतली.

तेवढ्यात टिटवी आली. चौथीतली पोर, अखंड बडबडते म्हणून आजोबांनी ठेवलेलं हे नाव. ओले केस पुसत ती उंबऱ्यावर बसली आणि तो काय करतो आहे ते बघू लागली. बडबड मात्र नव्हती. त्याने गनवरची नजर न हलवता, जाता जाता विचारावं तसं विचारलं.

"हे कसं झालं गं?"

"काय?"

"हा तडा."

"तो आधीपासूनच होता," टिटवी म्हणाली.

तिची पापणी लवली नाही. आवाज साधा, जरासा कंटाळलेला, पुढचं विचारायला जागाच न ठेवणारा. हा आवाज त्याला चांगला माहीत होता. पुसला, असं तो बायकोला म्हणाला होता ते याच आवाजात. आई काही नाही म्हणायची ती याच आवाजात. पोरीला कुणी शिकवणी ठेवली नव्हती, तरी ती या विषयात पहिली आली होती. त्याने गन स्टँडवर ठेवली. खरं सांग, मी रागावणार नाही, असं तो म्हणाला.

"तू रागावत नाहीसच," ती म्हणाली. "तू जोडतोस."

मग तिने सांगितलं. तलावाच्या बाहेर गाड्या लावायची जागा आहे, तिथे एक लोखंडी खांब आहे, पिवळा. चांगला उजेड होता. आजोबा गाडी मागे घेत होते. ती म्हणाली, खांब. मग मोठ्याने म्हणाली. मग ओरडली. आजोबा थांबले नाहीत, हळूहळू मागे जात राहिले आणि मग आवाज झाला. आजोबांनी तिला विचारलं, कुठे आहे? तिने बोट दाखवलं. ते उतरले आणि हात पुढे करून चालत गेले, हात खांबाला लागला तेव्हा थांबले. खांबावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. लोक बघत होते. नंतर गाडीत बसल्यावर म्हणाले, घरी काही बोलू नकोस. ती म्हणाली, बोलायचं कशाला, बाबा जोडतो की.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. टिटवीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला बहुधा वाटलं की आता एखादा तोडगा सुचवायला हवा.

"पुढच्या शनिवारी मी पुढे बसू का?" तिने विचारलं. "म्हणजे काही आलं की मी त्यांच्या हाताला हात लावून सांगीन. ओरडायला नको."

त्याने पट्टी पुन्हा मांडीवर घेतली. हातांना दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून असेल, त्याने सांधा पुरा केला. पट्टीच्या न दिसणाऱ्या काठातून चिमूटभर प्लॅस्टिक कापून ते फटीत वितळवलं, थंड होऊ दिलं, बारीक पॉलिश पेपरने घासलं आणि वरून तेलाचं बोट फिरवलं. काम सुरेख झालं. पुढून बघितलं तर तडा कुठे होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याच्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं जोडकाम होतं आणि ते त्याला हातात धरवेना. पट्टी बसवली की गाडी नवी दिसणार, शनिवार येणार, आप्पा स्वच्छ शर्ट घालणार, आणि त्याची मुलगी म्हाताऱ्याच्या हातावर हात ठेवून त्याचे डोळे होऊन पुढे बसणार. कुणी काही बोलणार नाही. सगळे एकमेकांवर जीव टाकत टाकत त्या खांबापाशी जातील.

पट्टी घेऊन तो आत गेला. आप्पा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, समोर वर्तमानपत्र उघडं. बायको ओट्याशी होती. त्याने पट्टी टेबलावर वर्तमानपत्राच्या मधोमध ठेवली, मागची बाजू वर करून. त्या घरात मोडकी वस्तू अशी चारचौघांत आजवर कुणी ठेवली नव्हती. बायकोने वळून पाहिलं. तिची नजर गोल जाळीवर गेली, पितळी मुरडीवर थांबली, आणि तिने हातातला डाव हळूच खाली ठेवला.

"आप्पा, आजपासून गाडी तुम्ही चालवायची नाही," तो म्हणाला. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

आता आप्पांच्या बोलण्यात बस येईल, शाळेच्या बाईंचं भाषण येईल, गालावरचा ओरखडा येईल, आणि त्या सगळ्याला तोंड द्यायला तो तयार होता. वर्षभर मनात त्याने ती भांडणं भांडून ठेवली होती. आप्पांनी वर्तमानपत्राची कड सारखी केली. पट्टीवरून अंगठा फिरवला, आधी त्याच्या सांध्यावरून, मग स्वतःच्या. त्याच्या सांध्यावरून परत एकदा.

"हे असं सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काल मी गाडी कशी लावली होती?"

त्याला प्रश्न कळला नाही.

"रोज ही बाजू भिंतीकडे असते," आप्पा म्हणाले. "काल मी गाडी फिरवून ती पायऱ्यांकडे केली. अंधार पडत होता, मला किती वेळ लागला ते माझं मला ठाऊक. किल्ली खुंटीला लावली नाही. तुझ्या टेबलावर ठेवली, तुझ्या घड्याळाशेजारी. आणखी कसं सांगायचं होतं मी तुला?"

किल्ली सकाळी त्याच्या टेबलावरच होती. आप्पा विसरले वाटतं, असं म्हणून त्याने ती उचलली होती. पिशवी काढून झाल्यावर, हत्यारं घ्यायला वर येताना, त्याने ती नेऊन त्यांच्या खुंटीला लावली होती, जागच्या जागी, रोजच्यासारखी. आप्पा इथेच बसलेले होते. त्यांनी ते पाहिलं होतं, किंवा निदान ऐकलं तरी होतं. एका माणसाने जन्मभराची वस्तू आपण होऊन सोडली आणि मुलाने ती उचलून पुन्हा त्याच्या गळ्यात बांधली. फळीची भाषा त्यानेच विसरावी, हे आप्पांना कसं वाटलं असेल? माफ करा म्हणावं असं त्याला वाटलं, पण हा शब्द त्याने त्यांच्याशी बोलताना कधी वापरलेला नव्हता आणि तो तोंडातल्या तोंडात राहिला.

टिटवी दारात येऊन उभी होती.

"आजोबा, मी पुढे बसले तर?" ती म्हणाली. "मी सांगीन ना तुम्हाला."

तो तिला आत जा म्हणणार होता. आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि खुर्ची तिच्या दिशेने फिरवली. त्यांची नजर तिच्यापर्यंत पोचली नाही, तिच्या जरा डावीकडे, दाराच्या चौकटीवर जाऊन थांबली. टिटवी ते पाहून एक पाऊल सरकली आणि त्या नजरेच्या समोर येऊन उभी राहिली.

"तू काल सांगितलं होतंस," आप्पा म्हणाले. "ओरडलीसही. मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, काही नाही तिथे, पोर उगाच घाबरतेय. मला दिसत नाही गं. बरेच दिवस झाले."

ओट्याशी बायकोने पदराने डोळे टिपले. आप्पा तिच्याकडे वळले, ती कुठे उभी आहे याचा अंदाज घेत, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, या वेळी जरा स्पष्ट. "मला दिसत नाही, सूनबाई."

मग ते मुलाकडे वळले. तोंड उघडलं, ओठ हलले. मुलाला सांगायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना ते बोलता येईना.